शिकारीची ओढ नेमकी कशाची? (मराठवाड्यातल्या रानवेड्यांना प्रश्न)

बालाघाटी
आजोबांकडं निजामाच्या काळातली ठासणीची बंदूक होती. धारूरच्या डोंगरात ते आणि त्यांचे सोबती ससा, तित्तर, कधी रानडुक्कर मारायचे. पुढं बंदूक सरकारजमा झाली, आजोबाही गेले. त्यांच्या गोष्टी मात्र घरात अजून निघतात. त्या गोष्टींत बार उडायचा भाग जेमतेम एका वाक्याचा असतो. बाकी सगळं वाट बघण्याचं. वारा कुठून होता, वघळीत पाणी किती राहिलं होतं, टिटवी कुठल्या बाजूला ओरडली, चांदणं कधी मावळलं.

मी बंदूक हातात धरलेली नाही, धरायची इच्छाही नाही. पण सुटी मिळाली की डोंगराकडं निघतो, सीताफळाच्या बनातून दिवसभर हिंडतो. घरचे विचारतात, तिथं काय मिळतं? मला धड सांगता येत नाही. म्हणून विचारतोय. ज्यांच्या घरात शिकार होती, किंवा ज्यांनी परदेशात परवान्यानं केली, त्यांना त्यातून काय हवं असायचं? मांस? मर्दुमकी? की नुसतं रानात असणं? आणि शिकारीशिवायचं रान तेवढंच देतं का?

आज शिकार करा असं इथं कुणी म्हणत नाही. कायदा आहे आणि तो असायलाच हवा. तेव्हा धागा तिकडं नेऊ नये ही विनंती.

टिटवी
मटण. बाकीचं सगळं जेवण झाल्यावर सुचलेलं. :)

एकनाथी
टिटवीताई, एक ससा आठ जणांत वाटून कुणाचं पोट भरलंय? आमचे मामा तर मारलेलं तित्तर शेजाऱ्याला देऊन यायचे, मामी घरात शिजवू द्यायची नाही म्हणून. तरी पुढच्या रविवारी परत निघालेच.

मास्तर_सोयगाव
आमच्या तालुक्याला जगात नाव मिळालं ते एका शिकारीमुळं. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या खोऱ्यात आला. पलीकडच्या कड्यात झाडोऱ्यातून दहाव्या लेण्याची कमान त्याला दिसली. आत जाऊन त्यानं खांबावर नाव आणि तारीख कोरली. चित्रावर नाव कोरणारा माणूस मला कधी आवडला नाही, पण अजिंठा बाहेरच्या जगाला कळलं ते असं.

आता त्याच लेण्यात काय आहे बघा. दहाव्या आणि सतराव्या लेण्यात षड्दंत जातक आहे: शिकारी सहा सुळ्यांच्या हत्तीला बाण मारतो आणि हत्ती स्वतःचे सुळे त्याला देतो. सतराव्यातच शरभ जातकही आहे. हरणामागं धावणारा राजा खड्ड्यात पडतो आणि ज्याला मारायला निघाला तेच हरीण त्याला पाठीवर घेऊन वर काढतं. विद्यार्थ्यांना घेऊन जातो तेव्हा या चित्रापुढं मी जास्त वेळ थांबतो. मान वळवलेलं हरीण ज्यानं काढलं त्यानं हरीण तासन्‌तास न्याहाळलं असणार. बालाघाटी, तुमच्या आजोबांची वाट बघणं आणि त्या चित्रकाराचं बघणं यात मला फार अंतर वाटत नाही. फरक पुढच्या क्षणाचा. पण तो फरक फार मोठा आहे.

काळी_कसदार
मास्तर, लेणी ठीक. जरा जिंतूरकडं या अन्‌ बघा डुकरं काय करायलेत. तुमच्यासाठी रान म्हणजे फिरायची जागा, आमच्यासाठी रात्रपाळी. सोयाबीन दोन पानांवर आलं की हरणं खातेत, भुईमूग भरला की डुकरं उकरतेत. माळ्यावर बसायचं, भोंगा लावायचा, फटाके वाजवायचे. चार दिवसांत डुकराला भोंग्याचीबी सवय होते. भरपाईचा अर्ज करायचा, पंचनाम्याला माणूस येईस्तोवर रान नांगरून झालेलं असतंय.

हे रागानं लिहिलं. आता दुसरं सांगतो. माळ्यावर दोन वाजता कुत्रं गप होतं, वारं पडतं, अन्‌ हरभऱ्याच्या पलीकडून काहीतरी चालल्याचं ऐकू येतं. त्या घडीला मला झोप नको असती. पोरगं म्हणतं, पप्पा राखण मी करतो, तुम्ही घरी झोपा. मी पाठवत नाही त्याला. कशामुळं, ते तुमच्या प्रश्नावरून आज पहिल्यांदा विचारात आलं.

लातूर_ते_मॅडिसन
मी परवान्यानं शिकार करतो, म्हणून लिहितो. राहतो अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये. इथं नोव्हेंबरच्या शेवटी नऊ दिवस बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम असतो. शिकारीचं शिक्षण घेतल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी असावे लागतात, दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा म्हणून. मारलेल्या जनावराची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. १९३७ च्या एका कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. इथली जंगलं सांभाळण्यात शिकाऱ्यांचा पैसा आहे, हे इथं येण्याआधी मला माहीत नव्हतं.

का करतो? पहाटे अंधारात झाडावरच्या मचाणावर चढून बसायचं. हातपाय गारठून जातात. हलायचं नाही. उजाडताना आधी आवाज येतात, मग आकार, मग रंग. दिवसभर मोबाईल बघायचा नाही, कारण मान हलली तरी हरणाला कळतं. बऱ्याच हंगामांत मी रिकाम्या हातानं परततो आणि ते हंगाम वाया गेले असं वाटत नाही. बार उडाल्यावर जनावराजवळ जाताना मात्र घशात काहीतरी अडकतं. ते अडकायचं थांबलं तर मी बंदूक ठेवून देईन. मग ते मांस आम्ही हिवाळाभर खातो. आईनं पाठवलेलं येसूर घालून रस्सा करतो. दुकानातल्या कोंबडीचं तोंड मी कधी पाहिलेलं नसतं, या हरणाचं पाहिलेलं असतं. मला तो व्यवहार जास्त प्रामाणिक वाटतो.

तरवड
लातूरकर, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण मला पटलं नाही. बघायचंच असेल तर बघा ना, मारता कशाला? मृत्यूची जाणीव व्हावी म्हणून दुसऱ्याचा जीव का लागावा? माझं माहेर महानुभावांचं. पारधी मागं लागलेला ससा चक्रधर स्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो, ती लीळा आई सांगायची. शरण आलेला देता येत नाही म्हणून स्वामी त्याला देत नाहीत. लहानपणी ऐकलेलं ते आत बसलंय. आमच्या घरात ससा कधी शिजला नाही.

दुसरं म्हणजे, या धाग्यावर रान म्हणजे पुरुषांची जागा झालीय. कळंब तालुक्यात माझी आजी पावसाळा लागला की रानात असायची. तरोटा, कुर्डू, पाथरी, घोळ, कर्टुली ओट्यात भरून आणायची. तिला कुठल्या बांधाला काय उगवतं ते पाठ होतं. घरात ती सतत कुणाची तरी सून, कुणाची तरी सासू. रानात तिला हाक मारायला कुणी नसायचं. मी आज शाळेतून सुटल्यावर बाभळीखाली जाऊन बसते ते याच कारणासाठी.

कारवानी
चाकूर तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडं जानवळ गाव कारवानी कुत्र्यांसाठी नावाजलेलं. लांब तोंड, बारीक कंबर, पळायला लागलं की चारी पाय जमिनीवरून उचलतेत. माळेगावच्या जत्रेत श्वानप्रदर्शन असतं तिथं बघा एकदा. ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सशामागं पळाली. मालकाला सशाचं काय पडलं नव्हतं हो, कुत्रं पळताना बघायचं होतं. माझ्या बापाच्या तोंडावर तसा आनंद मी दुसऱ्या कशात बघितला नाही. आता मोकळ्या माळावर सकाळी कुत्रं सोडतो, मोटारसायकलमागं पळवतो. ससा समोरून निघालाच तर कुत्र्याला काय कळतंय कायदा?

काळा_कोट
कुत्र्याला कळत नाही, मालकाला कळला पाहिजे. धागाकर्त्यांनी कायदा नको म्हटलंय, तरी एवढं लिहितोच, कारण कुणीतरी अडकेल. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. पकडणं, फासे लावणं, हाकून नेणं, कुत्र्यांकरवी पाठलाग, तसा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं.

१९७२ साली कायदा झाला तेव्हा परवाना काढून काही जनावरं मारता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाट बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्या नव्यानं लावल्या. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्यातल्या जनावराच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. पिकांचा नाश करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. काळी_कसदार, कुंपणात वीज सोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डुकराआधी माणूस मरतो आणि मग सदोष मनुष्यवधाचा खटला.

आणखी एक. ज्यांच्या वाड्यात आजोबांनी मारलेल्या काळविटाची शिंगं भिंतीवर आहेत त्यांनी मालकीचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. २००३ मध्ये अशा वस्तू जाहीर करायची मुदत दिली होती. तेव्हा राहिलं असेल तर जाणकाराला विचारून पुढचं ठरवा. विकायचा किंवा कुणाला भेट द्यायचा विचारही नको.

कारवानी
वकीलसाहेब, ऐकलं. ससे निघतेत त्या माळावर कुत्रं सोडणार नाही. पण ही जात टिकली पाहिजे, हेबी कुणीतरी लिहा.

गोदाकाठचा
पैठणकर. नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) हिवाळाभर असतो. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, चक्रवाक येतात, काही वर्षं रोहितांचे थवे उतरतात. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे.

शिकारीतून रानाकडं कसं येतात याचं मोठं उदाहरण सलीम अली. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कुठली म्हणून विचारायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि आयुष्य तिकडंच वळलं. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे नमुन्यासाठी मारायचाच. आज दुर्बीण पुरते.

पण तरवडताई, ‘नुसतं बघा’ हेही वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. मोठ्या लेन्सवाले येतात, नावाड्याला जादा पैसे देऊन होडी थव्यात घुसवतात, कारण त्यांना उडतानाचा फोटो पाहिजे. हजारो मैल उडून आलेला पक्षी खायला बसलाय आणि तुम्ही त्याला सकाळभर उठवताय. एकाच पक्ष्याचा फोटो कुणी आधी टाकला यावर भांडणं होतात. हाव बंदुकीतच असते असं नाही. मी कॅमेरा घरी ठेवून गळ घेऊन बसायला लागलो तेव्हा नदी जास्त दिसायला लागली. (अभयारण्याच्या हद्दीबाहेर, आमच्या गावच्या डोहात. लगेच कलम लावू नका.) मरळ लागली तर लागली.

टिटवी
कालवणाचा पत्ता पाठवा, आम्ही निसर्गनिरीक्षणाला येतो.

तरवड
गोदाकाठचा, तुमचा मुद्दा बरोबर आहे. थवा उठवणं मलाही हिंसाच वाटते. लातूरकरांना मात्र माझा प्रश्न तसाच आहे.

एकनाथी
लातूर-धाराशिवकडच्या लोकांनी येळवस कशी विसरली? मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं गाव रानात. घराला कुलूप. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा झाली की भज्जी, उंडे, आंबील. लातूर शहरात त्या दिवशी दुकानं बंद, रस्ते ओस. पाहुण्याला शेतात न्यायचंच, ओळख नसली तरी. वर्षातून एक दिवस का होईना, रानात नुसतं असण्यासाठी जायचं हे आमच्या बापजाद्यांनी ठरवून ठेवलंय.

काळी_कसदार
आमच्या परभणीकडं येळवस तेवढी नाही. पण आंबीलीसाठी येतो. मडक्यातली पाहिजे.

माहूरगड
किनवटचा आहे. मोह, साग, तेंदूचं रान. सगळे चांगलं लिहायलेत, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. भीती.

टिपेश्वरचं रान आमच्यापासून लांब नाही. २०१९ मध्ये तिथला गळ्यात पट्टा घातलेला एक वाघ चालत निघाला आणि तेराशे किलोमीटरहून जास्त फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, वाटेत हिंगोलीची शेतं तुडवत. २०२१ मध्ये दुसरा एक गौताळा अभयारण्यात निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये एक थेट येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात आला. जेमतेम बावीस-तेवीस चौरस किलोमीटरचं ते रान! कापसातून, उसातून, रेल्वेचे रूळ ओलांडून हे जनावर मराठवाडा पार करून गेलं आणि बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही.

आमच्याकडं पहाटे नाल्यात ओल्या मातीवर पंजा दिसला की अंगावरून काहीतरी सरकतं. माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, मागं बघतो, वास घेतो. मला रानात जायला आवडतं ते यासाठी. घरात, बाजारात, सगळीकडं माणूसच मालक. तिथं तो नसतो. जुन्या शिकाऱ्यांना हे माहीत होतं, पण बंदूक हातात असली की भीती निम्मी होते. रिकाम्या हातानं जाणाऱ्याला ती पूर्ण मिळते.

तरवड
येडशी आमच्यापासून जवळ. माहूरगड, तुम्हाला ती भीती हवीशी वाटते, कारण जायचं की नाही ते तुम्ही ठरवता. वाघ आल्यापासून आमच्याकडच्या बायकांनी सरपणाला जाणं सोडलं, शेळ्या बांधून ठेवल्या. वाघ यावा असं मलाही वाटतं. माझ्या आयुष्यात या डोंगरात वाघ येईल असं वाटलं नव्हतं आणि बातमी वाचून मी रडले होते. पण ज्यांची शेळी गेली त्यांना पैसे वेळेत मिळाले पाहिजेत, नाहीतर विषाचा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतो.

पालावरचा
बरेच दिवस वाचतोय. लिहू की नको असं झालं होतं. मी फासेपारधी समाजातला, बीड जिल्ह्यातला. पदवीधर आहे, नोकरी करतो.

बालाघाटींनी विचारलं, शिकार का? माझ्या आज्याला हा प्रश्न कुणी विचारला असता तर त्याला तो कळला नसता. शिकार हे आमचं पोट होतं. आजा तित्तराची शीळ घालायचा तर रानातलं तित्तर उत्तर द्यायचं. शिकवलेल्या गाईच्या आडोशानं हरणाच्या कळपापर्यंत जायचा, गाय चरत चरत पुढं आणि तिच्या मागं आजा. केसांचे, तातीचे फासे स्वतः वळायचा. गाभण मादी किंवा पाडस फाशात आलं तर सोडून द्यायचं, हा जातीचा नियम होता, मोडला तर पंचायतीत जाब द्यावा लागायचा. हे कुठल्या सरकारनं शिकवलेलं नव्हतं.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अनेक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. देशभरातून तो डाग कायद्यानं पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. गावानं मात्र आम्हाला अजून नीट मोकळं केलेलं नाही. पुढं शिकारबंदी आली. वाडेवाल्यांच्या दिवाणखान्यातली कातडी आणि शिंगं कागद करून घरात राहिली. आमच्या पालावर नुसतं जाळं सापडलं तरी माणूस आत. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. तणमोर, माळढोक आमच्या माळांवरून गेले, काळवीट वाचलं ते कायद्यानं. पण ज्याचा धंदा काढून घेतला त्याला दुसरा द्यायचा असतो, ते कुणी केलं नाही. वरून जंगल संपलं की बोट आमच्याकडं. माळ नांगरले कुणी? गायरानं कुणी खाल्ली?

आजा शेवटची वर्षं शहराच्या कडेला पत्र्याच्या खोलीत होता. शिकार सुटली याचं त्याला दुःख नव्हतं. मला म्हणायचा, इथं सकाळी कुणाशी बोलू? तित्तर नव्हतं ना. लातूरकर, मास्तर, तुम्ही जे सांगताय ते आमच्याकडंही होतं, पोटाच्या आत. वेगळं काढून दाखवायला सवड नव्हती.

मास्तर_सोयगाव
पालावरचा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. माझ्या वर्गात हे वाचून दाखवायची परवानगी हवी आहे.

लातूर_ते_मॅडिसन
वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. माझी शिकार परवडणाऱ्या माणसाची शिकार आहे, हे मान्य.

तरवडताईंच्या प्रश्नाला उत्तर देतो. नुसतं बघायला मी तिथं गेलो तर तासाभरात उठून घरी येईन. इथं हिंडणारे खूप आहेत, पण थंडीत सहा तास न हलता बसणारे शिकारीच. काहीतरी कामाला गेल्याशिवाय मला तेवढं बसता येत नाही. इथं हरणं फार झालीत, लांडगे थोडे, रोपांचे शेंडे उरत नाहीत. कुणीतरी ती कमी करणारच, मग मी माझ्यापुरतं करतो आणि खातो. भारतात असतो तर केलं नसतं. तिथं जनावर कमी आणि माणूस जास्त.

तरवड
पटलं नाही, पण आता समजलं. तुम्ही मांसासाठी बसता, माझी आजी कर्टुल्यांसाठी वाकायची. रिकामी तीही गेली नसती.

बालाघाटी
मूळ प्रश्नाकडं येतो. काळी_कसदार राखणीला बसतात, लातूरकर मचाणावर, गोदाकाठचे गळ टाकून, तरवडताईंची आजी भाजीला. सगळ्यांना हातात काहीतरी काम होतं आणि त्या कामामुळं कान-डोळे उघडे राहिले. मी नुसता चालतो. एका डोंगरावरून दुसऱ्यावर. आता वाटतं, म्हणूनच मला घरी येऊन काही सांगता येत नाही. मला माग काढायला शिकायचंय. कुठलं खूर, कुठली लेंडी, किती वेळापूर्वीची. मारायचं काही नाही, पण शिकाऱ्याला दिसायचं ते दिसलं पाहिजे. पालावरचा, तुमच्या समाजात हे जाणणारं कुणी म्हातारं माणूस आहे का, जे आमच्यासोबत रानात येईल?

कारवानी
मीबी येतो. कुत्रं घरी बांधून.

पालावरचा
आहेत. माझे चुलते. लाव्हरी बसली होती ती जागा बघून ती किती वेळापूर्वी उठली ते सांगतात. पण काही गोष्टी आधी ठरवू. वनखात्याला कळवून जायचं, वनरक्षकाला सोबत घ्यायचं, कारण काही झालं तर नाव आमचंच येतं. चुलत्यांची दिवसाची मजुरी आधी ठरवून द्यायची, खूश होऊन हातावर ठेवायची नाही. फोटो विचारून. आणि जेवायला सगळे एका पंगतीत.

बालाघाटी
सगळं कबूल. मजुरी तुम्ही सांगाल ती. वनखात्याला पत्र मी देतो. सीताफळं लागली की, चालेल?

पालावरचा
त्या वेळी गवत उंच असतं, माग दिसत नाही. थंडी सरल्यावर या, पाणवठे आटायला लागले की.

काळी_कसदार
तवर हरभरा निघालेला असतंय. मी मोकळाच. मलाबी धरा.